आडवा उजेड

दिवा घ्यायचा म्हणजे काय अशी मोठी गोष्ट आहे? दुकानात जावं, हवा तसा मागावा, घरी आणून लावावा आणि बटण दाबावं. सगळं जग असंच करतं. पण या घरातल्या सूनबाईला एका दिव्यानं असा घोर लावला, की तिची अन्नावरची वासनाच उडाली. बरं, कळत नव्हतं म्हणून घोर, असंही नाही. चांगला दिवा कोणता हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि घोर त्याचाच होता.

या घरात लाकडी पक्षी होतात. सासरे, म्हणजे आप्पा, ते कोरतात आणि सूनबाई रंगवते. खंड्या, हळद्या, पारवे, घुबडं, जशी मागणी येईल तसं. तळहातावर मावेल एवढा खंड्या, पण त्याच्या वेगळ्या कोरून बसवलेल्या पंखावरची एकेक रेघ अशी, की बघणारा फुंकर घालून बघतो, पिसं हलतात का म्हणून. सूनबाईचा नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, घरी आला की पाहुण्यासारखा. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. तेव्हा दिवसभर घरात ही दोघंच, मागच्या खोलीत, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना.

लग्न होऊन आली तेव्हा तिला ब्रश कुठं धरायचा हेही माहीत नव्हतं. आप्पांनीच शिकवलं, आणि तेही असं तोंड वाजवत, की शेजाऱ्यांना वाटावं सासरा सुनेला छळतोय. "हा खंड्या आहे की शाईच्या दौतीत पडलेला उंदीर?" असं ते विचारायचे. ती डोळे पुसत रंग पुसायची आणि पुन्हा लावायची. सासूबाई मधे पडल्या तर आप्पा त्यांनाही सोडत नसत. पण पुढं पुढं हा माणूस आल्यागेल्याला सांगायला लागला, की लाकूड मी कापतो, पण डोळ्यांत जीव घालते ती ही. ते ऐकून तिला काय वाटायचं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. माहेरी वडील लवकर गेले होते तिचे. आप्पा बोलले की तिला वाटायचं, आपल्यालाही कोणीतरी वडील आहेत. बस, एवढंच.

आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आप्पांच्या डोळ्यांचं दुखणं दबक्या पावलांनी आलं. त्याच सुमाराला शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहिली आणि टेबलाजवळच्या खिडकीसमोर कोरी भिंत आली. त्या खिडकीतून आप्पांच्या डाव्या हाताला उजेड यायचा, त्याच उजेडावर त्यांनी जन्म काढला होता. खिडकी गेली, तेव्हा छताला एक ट्यूब लावून काम चालू ठेवलं. मग एका हळद्याच्या पंखावर एक रेघ दुसरीत घुसलेली सूनबाईला दिसली. हात घसरला असेल, म्हणून तिनं कानाडोळा केला. मग एका पारव्याची मान एका बाजूनं जास्त कापली गेली. मग एका घुबडाचा डोळा खाली आला. आप्पा ते पक्षी तिच्या टोकाला सरकवायचे आणि म्हणायचे, घे, हा झाला. ती म्हणायची, बरं आप्पा.

दुपारी आप्पा आडवे झाले, की ती लाकडाचा बारीक भुसा आणि सरस कालवून पुट्टी करायची. घसरलेली रेघ बुजवायची, वाळली की बारक्या पटाशीनं नवी काढायची, काचपेपर फिरवायची आणि वर रंग. रंग सगळं पोटात घेतो. संध्याकाळी आप्पा रंगवलेला पक्षी डोळ्यांजवळ धरून फिरवायचे आणि म्हणायचे, जमलाय. आधी एखाददुसऱ्या पक्ष्याला पुट्टी लागायची. होता होता एकही पक्षी पुट्टीवाचून घराबाहेर पडेना.

आता कोणी म्हणेल, सांगून टाकायचं होतं सरळ. म्हणायला काय जातं? सासूबाई गेल्या तेव्हा आप्पांनी हत्यारं ट्रंकेत टाकली होती आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत जाऊन बसले होते. भिंतीकडे बघत. ताट समोर ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण हे असं चाललं तर फार दिवस चालणार नाही. शेवटी सूनबाईनंच एक दिवस लाकडाचा तुकडा आणि पटाशी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेली. मग कुठं तो माणूस उठला. काम हातातून सुटलं की हा माणूस सुटतो, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा बाप गेलेल्या बाईला पुन्हा तेच बघायचं नव्हतं. सरळ हिशेब आहे.

आप्पांना वाचताना अक्षरांचा मधला भाग पुसल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे, मधलं धूसर होत जाणार, पण सावकाश. उलटवता येणार नाही, मात्र घाबरून काम सोडायचं काही कारण नाही. फक्त कामाच्या टेबलावर उजेड चांगला करा. चांगला म्हणजे नुसता जास्त नव्हे, कामाला लागतो तसा.

परत येताना आप्पा तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. म्हणाले, दिवा तूच आण. मला त्या दुकानांतली लखलख सोसत नाही, आणि उजेडातलं तुला कळतं. कळणारच, मीच शिकवलंय.

शिकवलं होतं खरंच. पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं, की रंगाचा उजेड वेगळा आणि कोरायचा वेगळा. रंगवताना उजेड पांढरा, सारखा पसरलेला हवा. निळा निळाच दिसला पाहिजे, सावली मधे कडमडता कामा नये. कोरताना मात्र उजेड एकच हवा, आणि तो खालून, बाजूनं, आडवा. पटाशीनं खाच पडते, आडव्या उजेडात त्या खाचेत सावली बसते, आणि सावली किती जाड आहे त्यावरून हाताला कळतं किती खोल गेलो. उजेड डोक्यावरून आला की खाच भरून जाते, लाकूड सपाट दिसतं. "रंगाला सावली नको, कोरायला सावलीच हवी," हे आप्पांनी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं म्हणून दाखवलं असतं.

ती दिव्यांच्या दुकानात गेली ती पिशवीत दोन वस्तू घेऊन. एक रंगवून झालेला खंड्या, आणि एक नुसता कोरलेला, बिनरंगाचा पंख. दुकानदार मोठा बोलका माणूस होता. त्यानं तिला काउंटरमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं, तिथं सगळ्या तऱ्हांचे दिवे लावून बघता येत होते. पिवळ्या बल्बखाली खंड्याचा निळा रंग गढूळ झाला. दुसरा निळसर पांढरा होता, त्यात पोटावरचा तांबूस रंग असा उतरला, की पक्षी आजारी वाटावा. तिसऱ्यात मात्र खंड्या उघड्या आकाशाखाली ठेवल्यासारखा दिसला. हा माझ्या टोकाला, असं म्हणून तिनं तो बाजूला काढून ठेवला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग दुकानदारानं वाकत्या मानेचा एक दिवा काढला. तोंड छोटं, उजेड एकाच बाजूला. त्यानं मान खाली वाकवली आणि बिनरंगाच्या पंखाच्या शेजारी, टेबलाला जवळजवळ टेकवून दिवा लावला. पंखावरची रेघ न् रेघ उठून बसली. हाच आप्पांचा दिवा. जुनी खिडकीच जणू कोणी उचलून टेबलावर आणून ठेवली होती. तिला इतका आनंद झाला, की काही विचार न करता तिनं रंगवलेला खंड्याही त्या उजेडात सरकवला.

आणि मग वाकून पाहिलं.

खंड्याच्या पंखावर, रंगाच्या दोन हातांखाली, पुट्टीचं ठिगळ स्पष्ट दिसत होतं. रफू केलेल्या कापडासारखं. तिनं काढलेल्या रेघा कुठं सुरू होतात आणि आप्पांच्या कुठं संपतात, ते आंधळ्यालाही कळलं असतं. तिनं झटकन पक्षी पिशवीत घातला आणि दुकानदाराकडे बघितलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो आता एक रुंद चौकोनी पॅनेल पेटवण्यात गुंतला होता. हे ऑपरेशनच्या खोल्यांतसुद्धा चालतं, असं तो कौतुकानं सांगत होता, याच्याखाली सावली औषधालासुद्धा सापडायची नाही.

तिनं बिनरंगाचा पंख पॅनेलखाली ठेवला. रेघा विरघळल्या. पंख साबणाच्या वडीसारखा दिसायला लागला. मग हळूच खंड्या बाहेर काढून तोही ठेवला. त्याच्यावर डाग नाही, ठिगळ नाही, काही नाही.

दुकानदार म्हणाला, कोरायचं काम असेल तर बाई तो वाकत्या मानेचाच न्या, माझं ऐका. तिला ते ठाऊक होतं. त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांपुढं ती पुढच्या खोलीतली खुर्ची आली, लोंबणारे कपडे आले, न शिवलेलं ताट आलं.

"पॅनेल द्या," ती म्हणाली.

वायरमननं पॅनेल बरोबर आप्पांच्या डोक्यावर, छताला बसवलं. त्या दिवशी नणंद आली होती, ती तर दारातच थबकली. म्हणाली, वहिनी, तू खोलीचा अगदी हॉल करून टाकलास, सुई पडली तरी सापडेल. आप्पा खुशीत होते. वर बघून डोळे मिचकावत म्हणाले, दिवसच विकत आणला वाटतं हिनं. मग नेहमीच्या जागी बसले, लाकूड घेतलं, पटाशी लावली. दोन रेघा काढून थांबले. लाकूड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, तिरपं केलं.

"सूनबाई, मला यात सावली दिसत नाही गं."

नणंद चहा टाकायला आत गेली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खरं बोलायला त्या क्षणाइतका चांगला क्षण तिला पुन्हा मिळाला नसता. पण नेमकं त्याच वेळी खोटं तोंडापर्यंत आलेलं असतं, त्याला काय करणार.

"हलकी आहे आप्पा," ती म्हणाली. "पण दिसते. मला दिसते."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग लाकडाकडे. अस्सं, म्हणाले, आणि कामाला लागले. तिच्या शब्दावर त्यांनी एका क्षणासाठीसुद्धा शंका घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून आप्पा अंगठ्यानं कोरायला लागले. एक रेघ काढायची, अंगठा फिरवून बघायचं, मग दुसरी. अंगठा कापला, त्यावर पट्टी आली, मग पट्टीमुळे तेही कळेना. पुन्हा पुन्हा विचारायचे, इथं रेघ आली का? सरळ आहे का? ती प्रत्येक वेळी हो म्हणायची आणि दुपारी अर्धा अर्धा पंख पुट्टीनं भरून काढायची. आता ती दुरुस्ती उरली नव्हती, ती स्वतःच कोरत होती. आप्पांचं तोंड वाजणं बंद झालं. तिच्या हातून एका पारव्यावर करडा जास्त झाला, तेव्हा तिला वाटलं आता ऐकावं लागणार, पण ते नुसतं चांगला आहे म्हणाले. शिव्या खाव्यात असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

मग एका सकाळी ती खोलीत आली तर आप्पा हत्यारं पुसत होते. एकेक पटाशी तेलाच्या फडक्यानं पुसून कापडात गुंडाळत होते. कापडाची गाठ मारून त्यांनी ते तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, कोणी शिकणारा भेटला तर देऊन टाक, गंजायला नकोत.

ती म्हणाली, असं काय करता आप्पा, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का.

डॉक्टरांनी धीर दिला, असं आप्पा म्हणाले. धीर देणं त्यांचं कामच असतं. पण मी मूर्ख नाही. तू एवढा लख्ख उजेड आणलास, त्या उजेडात तुला सावली दिसते आणि मला दिसत नाही. म्हणजे डोळे गेलेच की. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. कुठं तक्रारीचा सूर नाही, काही नाही. उलट तिची समजूत घातल्यासारखं, तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं, असंही म्हणाले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तरी ती बोलली नाही. हो, तरीही नाही. माणसाचं तोंड एकदा शिवलं गेलं की आपोआप उसवत नाही. तिनं मनाची समजूत घातली, की चार दिवस जाऊ देत, राग उतरल्यावर बसतील. राग कुठं होता त्यांना? पण माणूस स्वतःला काहीही पटवतो.

एका दुपारी ती भाजी घेऊन परत आली. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबली. दोन खोल्यांमधल्या बोळकंडीत आप्पा भिंतीला एक हात लावून चालत होते. डोळे घट्ट मिटलेले. दाराच्या चौकटीपाशी थांबले, हातानं चौकट चाचपली, वळले, पुन्हा भिंतीला हात लावून परत निघाले. वाटेत स्टूल होतं, त्याला पाय लागला, कळवळले, पण डोळे उघडले नाहीत.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, त्या आवाजानं त्यांना ती आल्याचं कळलं. मिटल्या डोळ्यांनीच ते ओशाळल्यासारखं हसले.

"आधीच सवय केलेली बरी," म्हणाले. "पुढं तुझ्या गळ्यात लोढणं नको."

ती मागं वळली आणि तशीच बाहेर पडली. रस्त्यानं चालता चालता ती रडत होती आणि समोरून येणाऱ्यांची तिला पर्वा नव्हती. दिव्यांच्या दुकानात जाऊन तिनं वाकत्या मानेचा दिवा मागितला. दुकानदारानं तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं दिवा बांधून दिला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर तिला जरा हलकं वाटलं असतं. तो म्हणाला नाही.

घरी येऊन तिनं आप्पांना हाताला धरून मागच्या खोलीत आणलं आणि त्यांच्या जागी बसवलं. कशाला, आता काय राहिलंय, असं ते पुटपुटत होते, तिनं ऐकलं नाही. पॅनेल बंद केलं. नवा दिवा त्यांच्या डाव्या हाताला, पूर्वी खिडकी होती त्या बाजूला मांडला, मान टेबलापर्यंत खाली वाकवली आणि लावला. अर्धवट राहिलेला एक पंख, ज्याला तिचा हात लागला नव्हता, तो उजेडात ठेवला.

आप्पा वाकले. मधलं धूसर दिसतं म्हणून त्यांनी मान जरा कलती केली आणि कडेच्या नजरेनं बघितलं. बघत राहिले. मग बोट पुढं नेलं आणि पंखाला न लावता एका रेघेवरून हवेतच फिरवलं.

"आहे," ते म्हणाले. "अगं, सावली आहे!"

त्यांच्या तोंडावर असा आनंद, की तिला बघवेना. खुर्ची पुढं ओढून त्यांनी पंख उचलला, उजेडात फिरवला, ही वाकडी गेली, ही बरी आहे, ही तर फारच खोल गेली म्हणून एकेक रेघ वाचायला लागले. लाकूड सपाट नव्हतं. डोळे गेले नव्हते. इथंच ती थांबली असती, तर दिवा बदलला एवढंच आप्पांना कळलं असतं, आणि तिचं सगळं झाकलं गेलं असतं.

मग आप्पा म्हणाले, तो मागच्या आठवड्यात रंगवलेला हळद्या आण गं, बघू कसा झालाय.

ती फळीपाशी गेली. फळीवर दोन हळदे होते. एक नवा, आणि एक फार जुना, खिडकी होती त्या दिवसांतला, ज्याला पुट्टी माहीतही नव्हती. तिचा हात आधी जुन्यावर गेला. तिथं क्षणभर थांबला. मग तिनं नवा उचलला आणि आणून त्यांच्या हातात ठेवला.

आप्पांनी तो दिव्यापाशी धरला. थोडा फिरवला. फिरवायचा थांबवला. पिवळ्या पंखावरच्या ठिगळावरून त्यांनी नख ओढलं, आणि कडेला एक कपचा सुटून टेबलावर पडला.

"हे काय आहे?"

"पुट्टी."

"कोणी भरली?"

"मी, आप्पा."

त्यांनी फळीवरचे बाकीचे सगळे मागवले. तिनं एकेक करून आणले. ते प्रत्येकाला दिव्याच्या कडेला धरत होते, बघत होते, आणि टेबलावर ओळीनं ठेवत होते. ती भिंतीला टेकून उभी होती. बसायचं धैर्य होत नव्हतं. शेवटच्या खंड्याला त्यांनी फार वेळ पाहिलं. मग तो तिच्यापुढं धरला.

"यातलं माझं किती?"

यावर तिनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं. पण ठरवावं लागलं नाही.

"डोकं," ती म्हणाली. "आणि शेपटीचा खालचा भाग. पंख दोन्ही माझे आहेत."

आप्पांनी खंड्या खाली ठेवला.

"आणि तो वरचा दिवा? तुला खरंच दिसत होती सावली?"

तिनं मानेनं नाही म्हटलं. मग त्यांना मानेची हालचाल नीट दिसणार नाही हे लक्षात येऊन ती तोंडानं म्हणाली, "नाही. कोणालाच दिसली नसती."

आप्पा आवाज चढवतील, पक्षी फेकतील, असं तिला वाटत होतं. निदान नेहमीसारखं घालूनपाडून बोलतील. ते बोलले ते इतकं हळू, की तिला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"माझं काम बिघडलंय हे मला कळू नये, म्हणून तू मला आंधळा होऊ दिलंस."

ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. रडता रडता सांगत राहिली, की मला भीती वाटली आप्पा, तुम्ही काम सोडाल, मग पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसाल, आणि या वेळी उठणार नाही. मला तुम्ही हवे होतात. पक्षी गेले खड्ड्यात, मला तुम्ही हवे होतात. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. काम तर सोडलंच होतं की मी, एवढंच म्हणाले. मग भिंतीला हात न लावता उठले आणि पुढच्या खोलीत निघून गेले.

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. चहा दिला की घ्यायचे, ताट वाढलं की जेवायचे, पण तोंडातून शब्द नाही. नणंदेचा फोन आला तर तिच्याशी बोलत. सुनेशी नाही. सूनबाईनं माफी मागायचा प्रयत्न केला तर ते उठून दुसरीकडे जात. तिला ते लागत होतं आणि लागणं बरोबरही वाटत होतं. फक्त एक गोष्ट ती डोळ्यांत तेल घालून बघत होती, की ते जेवतात का. जेवत होते. खुर्चीत मात्र बसत होते, भिंतीकडे तोंड करून, आणि हत्यारांचं कापड गाठ मारलेलं तसंच पडून होतं.

मग एका सकाळी तिला मागच्या खोलीतून आवाज आला. लाकडावर पटाशी सरकताना होतो तो, सर्र, थांबून पुन्हा सर्र. ती दारापाशी जाऊन उभी राहिली. वाकत्या मानेचा दिवा चालू होता. आप्पांनी तो आणखी खाली घेतला होता आणि स्वतः कलते बसून, कडेच्या नजरेनं, खंड्याचा पंख कोरत होते. ती आत आली, आपल्या टोकाला बसली, आपला दिवा लावला. त्यांनी मान वर केली नाही.

अर्धी सकाळ तशीच गेली. पंख जवळजवळ पुरा झाला. आप्पांनी पटाशी ठेवली, पंख उजेडात आडवा धरला आणि वरपासून खालपर्यंत पाहिला. शेवटून तिसरी रेघ वाकडी होती. तिला आपल्या टोकावरून दिसत होती. त्यांनाही दिसली होती, कारण तिथं येऊन त्यांची मान थांबली होती. एवढीशी रेघ. पुट्टीचं एक बोट लावलं असतं तर दुपारपर्यंत सरळ झाली असती. तिचे हात शिवशिवत होते. ते मांडीखाली दाबून ती बसून राहिली.

आप्पांनी पंख पुन्हा एकदा बघितला. मग पायाशी ढलप्यांची टोपली होती, तिच्यात टाकून दिला.

"दुसरं लाकूड दे," ते म्हणाले.

ती उठली आणि दुसरं लाकूड आणून तिनं त्यांच्या हातात दिलं.